कुंभाराचे गाढव आणि भरतपूरची गिधाडे

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकाच्या मध्यावर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली गेली होती. मोजणारे होते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश. १९९६ मध्ये ते पुन्हा त्याच झाडांखाली गेले, तेव्हा घरटी निम्म्याहून कमी उरली होती. काही पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसलेले, काही बेचक्यांत अडकून मेलेले, काही झाडाखाली पडलेले. आणखी दोन-तीन वर्षांत जोड्या उरल्या वीसच्या आसपास. मग त्याही गेल्या.

हे एकट्या भरतपूरचे दुखणे नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशभर ठरावीक रस्त्यांवरून जाऊन शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. तेच रस्ते २००० साली पुन्हा पालथे घातले, तर पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेली. २००७ च्या मोजणीत घट ९९.९ टक्के निघाली. जिथे हजार होती तिथे एक. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून ९७ टक्के गेली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. कार्यकारणभावाचा धडा आला की बरीच वर्षे मी पुस्तकातलीच उदाहरणे द्यायची: धूर आणि अग्नी, पाऊस आणि ओली जमीन. मुले लिहून घ्यायची आणि विसरायची. मग मी हे प्रकरण वर्गात न्यायला लागले. फळ्यावर एकच ओळ लिहायची, ‘गिधाडे कशाने मेली?’, आणि बाजूला उभे राहायचे.

पहिले उत्तर दर वर्षी तेच येते. “मॅडम, मोबाइलचे टॉवर.” मी विचारते, भारतात मोबाइल कधी आला? कोणीतरी शोधून सांगतो, १९९५. तोही मोठ्या शहरांत. आणि भरतपूरची गिधाडे १९९६ मध्ये निम्म्यावर आलेली होती. मुले गप्प होतात आणि खरा तास तिथून सुरू होतो.

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, यासाठी एक फार जिवंत उदाहरण आहे. घडा कशामुळे झाला? माती होती, कुंभार होता, चाक होते, चाक फिरवायचा दंड होता. आणि माती वाहून आणणारे गाढवही होते. घडा होण्याआधी तेही हजर होते. पण नैयायिक गाढवाला घड्याचे कारण मानत नाहीत. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. आधी असूनही ज्याच्यावाचून अडत नाही, ते ‘अन्यथासिद्ध’. कारण शोधणे म्हणजे बऱ्याच अंशी गाढवे बाजूला काढत जाणे.

गिधाडांच्या मरणाआधी देशात खूप काही घडत होते. शेतात कीटकनाशके वाढली होती, जुनी मोठी झाडे तुटत होती, गावे पसरत होती, बैलांची कामे ट्रॅक्टर करू लागले होते. यातले गाढव कोणते आणि कुंभार कोणता, हे ठरायला जगभरच्या अभ्यासकांना सात-आठ वर्षे लागली.

ओळखीचे संशयित

पहिला संशय डीडीटी या कीटकनाशकावर गेला. ते रास्तच होते. युरोप-अमेरिकेत बहिरी ससाण्याची संख्या याच रसायनाने घटवली होती. पण डीडीटीची खूण वेगळी असते. अंड्याचे कवच पातळ होते, अंडी उबवताना फुटतात, पिल्ले निघत नाहीत, आणि जुने पक्षी म्हातारे होत होत थवा आटतो. इथे धडधाकट पक्षीच झाडावरून पडत होते. कार्य वेगळे दिसत असेल तर कारण तेच कसे धरायचे?

दुसरे उत्तर उपासमार. आपल्याकडे अजूनही अनेक जण हेच सांगतात: जनावरे कमी झाली, मेलेली ढोरे लोक पुरायला लागले, गिधाडांना खायला उरले नाही. ऐकायला पटते. पण उपाशी पक्ष्याची छाती बसलेली असते, छातीचे हाड वर येते. मेलेल्या गिधाडांच्या अंगावर मांस होते, चरबी होती. मांसही उघड्यावर पडून होते. भटकी कुत्री त्यावर पोसली जात होती, म्हणजे अन्न संपले नव्हते, खाणारा संपला होता.

तिसरा संशय साथीच्या रोगावर होता, आणि हा सगळ्यात भक्कम. गिधाडे एकाच कुळातली मरत होती. मरण राजस्थानातून नेपाळपर्यंत, पाकिस्तानच्या पंजाबपर्यंत पसरले होते. आजारी पक्षी तासन् तास मान लोंबकळत ठेवून बसत. एखादा नवा विषाणू गिधाडांमधून पसरत असावा असे पक्ष्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या जाणत्या माणसांना वाटले, आणि २००१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आजारी गिधाडांसाठी केंद्र उभे राहिले ते बहुतांशी याच समजातून. वैद्यकाकडे अशा वेळी जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून चालत आलेली शिस्त आहे: रोग्यात जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा काढता आला पाहिजे, निरोग्यात घातला तर तोच रोग झाला पाहिजे. इथे पहिलीच पायरी चढता येईना. जंतू सापडतच नव्हता.

या टप्प्याबद्दल लोक ‘साप साप म्हणून भुई धोपटली’ असे बोलतात. मला ते पटत नाही. त्यांनी ज्या दिशेला पाहिले ती दिशा हातातल्या पुराव्याने दाखवलेली होती. शिवाय उन्हाळ्यात मेलेला पक्षी काही तासांत कुजतो, आणि कुजलेल्या शरीरातून काहीच वाचता येत नाही. ताजे शव मिळणे हाच मोठा अडसर होता. अडचण इतकीच, की प्रत्येक जण आपापल्या विषयात कारण शोधत होता आणि कारण त्या सगळ्या विषयांच्या बाहेर, गावातल्या औषधाच्या दुकानात मांडून ठेवलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुकानदाराला विचारलेला प्रश्न

डॉ. लिंडसे ओक्स हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक होते. २००० पासून त्यांनी आणि पेरेग्रीन फंड या संस्थेच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबात गिधाडांच्या तीन वसाहतींवर लक्ष ठेवले. मेलेला पक्षी शक्य तितक्या लवकर गाठायचा आणि उघडायचा. त्यांनी २५९ शवविच्छेदने केली. त्यातल्या ८५ टक्के पक्ष्यांच्या हृदयावर, यकृतावर, आतड्यांवर खडूच्या पिठासारखा पांढरा थर होता. ते युरिक आम्ल. पक्ष्यांचे मूत्रपिंड नायट्रोजनचा कचरा युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. मूत्रपिंड बंद पडले की ते रक्तात साठते आणि आतल्या अवयवांवर बसते. मरणाचे तात्कालिक कारण हाती आले: मूत्रपिंड निकामी.

पण मूत्रपिंड का निकामी झाले? विषाणू तपासले, जिवाणू तपासले, शिसे, पारा, कीटकनाशके तपासली. काही निघाले नाही.

इथे या माणसाने जे केले ते मला सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. त्याने सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला आणि प्रश्न उलटा केला. गिधाड काय खाते? मेलेली जनावरे. ती जनावरे मरण्याआधी काय खातात, त्यांना काय टोचतात? मग त्यांच्या गटाने जनावरांच्या डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना विचारत यादी केली: तुम्ही जनावरांसाठी काय काय विकता? त्यातले मूत्रपिंडाला बाधू शकणारे, मांसात उतरणारे आणि अलीकडेच वापरात आलेले काय? चाळणीतून एक नाव उरले. डायक्लोफेनॅक. माणसे गुडघेदुखीला, कंबरदुखीला घेतात तेच वेदनाशामक.

मग तपासणी. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडे पाहिली, पंचविसांतही डायक्लोफेनॅक. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांची पाहिली, एकातही नाही.

वर्गात हे दोन आकडे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. पुस्तकात हे दोन शब्द पाठ करायला जड जातात. पंचवीसपैकी पंचवीस आणि तेरापैकी शून्य हे बघितल्यावर पाठ करावे लागत नाहीत.

तरीही एवढ्यावर कारण सिद्ध होत नाही. आजारी ढोर खाणाऱ्या गिधाडाला ढोराचा आजारच बाधला असेल आणि औषध हे फक्त आजाराबरोबर आलेले गाढव असेल तर? म्हणून शेवटची पायरी प्रयोगाची. औषध दिलेल्या म्हशींचे आणि बकऱ्यांचे मांस पाळीव अवस्थेतल्या वीस गिधाडांना दिले. तेरा मेली, आणि अवयवांवर तोच पांढरा थर. ज्यांच्या पोटात औषध जास्त गेले ती जास्त मेली. मात्रेबरोबर परिणाम चढत जाणे ही खूण तंबाखू आणि कर्करोगाच्या वादातून शिकलेले रोगपरिस्थितीशास्त्रज्ञ, म्हणजे रोग कोणाला आणि कशाने होतात हे शोधणारे, फार मानतात. निष्कर्ष मे २००३ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत मांडला गेला आणि २००४ च्या सुरुवातीला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. लगेच भारतात आणि नेपाळात मेलेल्या पक्ष्यांचे जपून ठेवलेले नमुने तपासले. तिथेही तेच.

एक गोष्ट इथे निसटू देता कामा नये. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या वेगळ्या गिधाडाला हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत दिले तर काही होत नाही. म्हणजे विष बाटलीत आहे असे म्हणणे अर्धेच खरे. औषध आणि या एका कुळातले मूत्रपिंड समोरासमोर आले की विष तयार होते. एकाला दुसऱ्याशिवाय अर्थ नाही.

शंभरात एक ढोर, तेही नाही

आता हिशेबी माणसाची शंका. देशात जनावरे पन्नास कोटींच्या घरात. त्यातल्या किती जणांना हे इंजेक्शन मिळत असेल? आणि इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेले तरच मांसात घातक औषध राहते, नाहीतर ते शरीराबाहेर पडते. इतक्या थोड्या ढोरांमुळे कोट्यवधी पक्षी संपतील?

केंब्रिजच्या डॉ. ऱ्हिस ग्रीन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित २००४ मध्ये मांडले. उत्तर आले: १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागे एक जरी विषारी असले तरी दिसते आहे तेवढी घट होते. शंभरात एकही लागत नाही.

वर्गात मी हे सोप्या आकड्यांनी करून घेते. समजा दोनशे ढोरांमागे एक वाईट. गिधाड तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरा, म्हणजे वर्षाला १२० जेवणे. प्रत्येक जेवणातून सुखरूप सुटण्याची शक्यता २०० पैकी १९९. हा अपूर्णांक स्वतःशीच १२० वेळा गुणायचा. मुले मोबाइलचे कॅल्क्युलेटर काढतात. ०.५४८. म्हणजे शंभर गिधाडांतली पंचावन्न वर्षअखेर उरली. दुसऱ्या वर्षअखेर तीस. तिसऱ्या, सोळा. पाचव्या, पाच. दहाव्या वर्षी हजारातली दोन-तीन. रस्त्यावरच्या मोजणीत जे दिसले ते कागदावर असे उतरते आणि वर्गात क्षणभर कोणी बोलत नाही.

त्यात गिधाडाची जगण्याची रीत भर घालते. एका ढोरावर पाच-पन्नास पक्षी एकाच वेळी उतरतात, म्हणजे एक वाईट ढोर सगळ्या पंगतीला बाधते. आणि जोडी वर्षाला अंडे घालते एक. वयात यायला पिल्लाला साधारण पाच वर्षे लागतात. दीर्घायुषी पक्ष्याची ही सावकाश रीत हजारो वर्षे पुरली, कारण मोठी गिधाडे सहसा मरत नसत.

पुढे २००४-०५ मध्ये भारतात मेलेल्या जनावरांच्या यकृताचे १,८४८ नमुने गोळा करून तपासले. दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडले. त्या सगळ्यांतली मात्रा जीवघेणी नव्हती हे खरे, पण गरज होती शंभरात एकाहून कमीची.

कार्य मोठे असेल तर कारणही मोठे असले पाहिजे, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुतलेली आहे. कोट्यवधी पक्षी मेले म्हणजे मोठी साथ, मोठा कारखाना, मोठे कारस्थान असणार. इथे कारण एका सिरिंजएवढे होते आणि ते पुन्हा पुन्हा घडत राहिले.

गोठ्यातली बाजू

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. घरी दुभती जनावरे असलेला मुलगा. म्हणाला, “मॅडम, डायक्लो आमच्या गोठ्यातपण असायचं. आजोबा सांगतात, गाय उठून उभी राहायची.”

हे वाक्य बाजूला ठेवून हे प्रकरण शिकवता येत नाही. कासदाह झालेली गाय पाहिलेली नसेल त्याला ते औषध का खपले हे कळणार नाही. कास दगडासारखी घट्ट, हात लावू देत नाही, वासराला पाजत नाही, चारा सोडते. लाळ्या-खुरकुतात खुरांच्या बेचक्यात जखमा, जनावर पाय टेकत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे वेदनाशामक स्वस्तात जनावरांसाठी मिळू लागले. ताप उतरतो, सूज ओसरते, जनावर दाव्याला उभे राहते, दूध चालू होते. ज्याचे घर एका म्हशीवर चालते त्याने ते का टोचू नये? उद्या मरणार अशा म्हाताऱ्या बैलालाही शेतकऱ्याने ते दिले, त्याला दुखू नये म्हणून. गिधाडांपर्यंत जास्तीत जास्त विष याच बैलांतून गेले असणार, कारण औषध दिल्यावर लगेच मरणारी जनावरे हीच. मायेने दिलेले इंजेक्शन होते ते.

आता कायद्याच्या नजरेने पाहा. जबाबदार कोण? शेतकऱ्याने परवानगी असलेले औषध वापरले. डॉक्टरांनी लिहून दिले ते योग्य रोगावर. बनवणाऱ्याने ते परवान्यावर बनवले. परवाना देणाऱ्याने विचारायचे ते विचारले: गायीला अपाय होतो का? नाही. दुधातून माणसाला? त्याचे नियम आहेत. प्रत्येकाचा प्रश्न गायीपाशी किंवा माणसापाशी संपत होता. गाय मेल्यावर तिचे काय होते हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता. न्यायालयात दोष ठरवताना विचारतात की शहाण्या माणसाला हा परिणाम आधी दिसायला हवा होता का. २००३ च्या आधी तो कोणालाच दिसला नव्हता. त्यामुळे शरीरशास्त्राच्या दृष्टीने कारण पक्के आहे आणि कायद्याच्या दृष्टीने २००३ पर्यंत दोषी कोणीच नाही. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी आहेत, आणि ‘कारण’ हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो म्हणून वाद होतात. २००३ नंतरचा हिशेब मात्र वेगळा आहे, त्याकडे येतेच.

मांस उरले, मग पुढे?

गिधाडांचा थवा ढोर तासाभरात हाडांपर्यंत साफ करायचा. तो गेल्यावर ते मांस ओढ्याकाठी, गावाच्या वेशीवर दिवसेंदिवस कुजू लागले. कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. कुत्रा अंगावर मांस ठेवूनच हाडे सोडतो, आणि गिधाडासारखे त्याचे पोट सगळे जंतू जिरवत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अनिल मार्कंड्या आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साखळी जोडून दाखवली: १९९२ ते २००६ या काळात गिधाडे नसल्यामुळे किमान ५५ लाख कुत्री जास्त, त्यांचे ३ कोटी ८५ लाख जास्त चावे, आणि रेबीजने ४७ हजारांहून जास्त जादा मृत्यू. त्या दिवसांत देशात वर्षाला पावणेदोन कोटींच्या आसपास लोकांना प्राणी चावत होते आणि वीस हजारांवर माणसे रेबीजने मरत होती, हे ध्यानात घेतले तर आकडा अतिशयोक्त वाटत नाही. पण माझ्या मते हा पुरावा मूत्रपिंडाच्या पुराव्याइतका घट्ट नाही. कुत्री किती वाढली, त्यातली किती गिधाडांमुळे, एक कुत्रे वर्षात किती जणांना चावते, प्रत्येक कडीला अंदाज आहे आणि अंदाज अंदाजाने गुणला जातो.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास म्हणून मला जास्त पटतो. त्यांनी कड्या मोजल्याच नाहीत. देशातले जिल्हे दोन गटांत मांडले: जिथे गिधाडे मुळात भरपूर राहू शकत होती ते, आणि जिथे ती आधीपासून कमीच होती ते. डायक्लोफेनॅक जनावरांत येण्याआधी दोन्ही गटांतला माणसांचा मृत्युदर बरोबरीने चालत होता. नंतर पहिल्या गटातला वर सरकला, चार टक्क्यांहून अधिक. दुसऱ्या गटात तसे झाले नाही. देशात याच काळात जे काही बदलले, दवाखाने, रस्ते, महागाई, ते दोन्ही गटांना सारखेच लागू. फरक उरतो तो गिधाडांचा. त्यांच्या हिशेबाने २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख माणसे जास्त मेली. एकूण पाच लाख.

हा पुन्हा अन्वय-व्यतिरेकच, जिल्ह्यांवर लावलेला. फक्त त्याची मर्यादा वेगळी. शवविच्छेदन करणारा एका पक्ष्याकडे बोट दाखवून सांगतो, हा याने मेला. अर्थशास्त्रज्ञ पाच लाखांतल्या एकाही माणसाचे नाव सांगू शकत नाही. कोणाला कुत्रे चावले, कोणी सडक्या पाण्याने हगवणीत गेले, त्या घरांना गिधाडांचा काही संबंध होता हे कधी कळलेच नसेल.

मुंबईत हा परिणाम धर्मापर्यंत पोहोचला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज तीन शतकांहून जास्त काळ मृतदेह दखम्यात, म्हणजे उघड्या गोल मनोऱ्यात, पक्ष्यांच्या स्वाधीन करत आला. अग्नी, पाणी आणि भूमी विटाळू नये ही त्यामागची श्रद्धा. गिधाडे संपली आणि विधी अडला. सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवली, पण पावसाळ्यात ऊन कुठून आणायचे? आपल्या आईचा देह तिथे कसा आहे हा विचार घेऊन घरी जाणाऱ्या लेकराला काय वाटत असेल, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. पुढे २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी प्रार्थनागृह उभे राहिले. पशुवैद्यकाच्या बाटलीतून निघालेली गोष्ट जुन्या अंत्यविधीच्या वादात येऊन थांबली.

आणखी एक परिणाम कोणी मोजलेला माझ्या पाहण्यात नाही. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम आपल्या समाजाने जातीच्या नावाने माणसांवर लादले होते. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ते नाकारायला सांगितले. गावाबाहेर टाकलेल्या ढोराचे पुढचे सगळे काम गिधाड करायचे. ते गेल्यावर खड्डा खणायला, ओढायला, पुरायला माणूस लागतो. तो माणूस कोणत्या वस्तीतून बोलावला जातो हे ज्याला गाव ठाऊक आहे त्याला सांगावे लागत नाही.

तीस मिलिलिटरची बाटली

कारण कळले २००३ मध्ये. भारताने जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक मे २००६ मध्ये थांबवले, नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी. त्याच वर्षी मेलॉक्झिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांतून छापून आले. म्हणजे शेतकऱ्याला नुसते ‘हे नको’ सांगावे लागले नाही, हातात दुसरे देता आले. सरकारी कामाच्या मानाने हे सगळे लवकर झाले, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे.

पण बंदी जनावरांच्या औषधावर होती. माणसांचे डायक्लोफेनॅक तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत मिळतच राहिले. माणसाला एका वेळी लागते तीन मिलिलिटर. एवढी मोठी बाटली सोयीची पडते ती जनावरांसाठी. ती बाटली कोणासाठी भरली जात होती हे उघड होते, तरी ती बंद व्हायला जुलै २०१५ उजाडले. उत्पादकांनी त्याविरुद्ध दाद मागितली, मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदी कायम ठेवली. मधल्या नऊ वर्षांसाठी मात्र ‘कोणाला ठाऊक नव्हते’ म्हणता येत नाही. मला या प्रकरणात राग येतो तो इथेच येतो.

तोवर दुसरी औषधे पुढे आली होती. अ‍ॅसिक्लोफेनॅक गायीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. नाव वेगळे, मूत्रपिंडात पोहोचणारे तेच. ते आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद झाले २०२३ मध्ये. निमेसुलाइडचा क्रम त्यानंतर लागला. दर वेळी आधी औषध बाजारात, मग मेलेला पक्षी, मग बंदी. युरोपात तर स्पेनने आपल्याकडचे सगळे छापून आल्यानंतर, २०१३ मध्ये, जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली.

घसरण आता बरीच थोपली आहे, पण उरलेले फार थोडे आहे. कोकणात रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला गावकऱ्यांनी घरट्यांची झाडे राखून काही गिधाडे टिकवली. पिंजोरचे केंद्र, जे साथीचा रोग शोधायला उभे राहिले होते, ते पक्ष्यांची पैदास करू लागले. तिथली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

सोडताना त्यांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारे छोटे यंत्र बांधतात. पक्षी कुठे उतरला, किती वेळ बसला, हे संगणकावर दिसते. एखादा ठिपका बराच वेळ जागचा हलला नाही की लोक गाडी काढून तिथे जातात. पक्षी मेलेला असेल तर तो कुजायच्या आत उचलतात, उघडतात, अवयवांवर पांढरा थर आहे का बघतात आणि मूत्रपिंडाचा तुकडा बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवतात.